बोंबील सुकवायचे दिवस

वसईत हिवाळा आधी नाकाला कळतो. गारठा नंतर येतो, आणि आमच्या एव्हरशाईन सिटीत तर तो आला की नाही यावर दरवर्षी वाद होतात. पण दिवाळीचे कंदील उतरायच्या सुमारास मी आईकडे पाचूबंदरला जाते आणि रिक्षातून पाय खाली टाकते न टाकते तोच तो वास अंगावर येतो. किनाऱ्यावर बांबूंचे मांडव उभे राहिलेले असतात, आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात आणि दोऱ्यांवर बोंबील सुकत असतात. ओला बोंबील म्हणजे मासा कमी आणि पाणीच जास्त. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मग ते दोघं एकमेकांच्या तोंडात तोंड घालून वाऱ्यावर लोंबकळत राहतात, त्यांच्यातलं पाणी ठिबकत राहतं, खालची वाळू चिकट होते, माश्या घोंघावतात. काही दिवसांनी त्यांच्या पिवळट काड्या होतात. या वासाने लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला मळमळतं.

मी कोळ्याची मुलगी आहे आणि मला मासळीचा वास सहन होत नाही, हा आमच्या आळीतला जुना विनोद आहे. लहानपणी मी नाकाला फ्रॉक लावून मांडवाखालून पळायचे तेव्हा शेजारची मार्थामावशी ओरडायची, "आली बघा मडम! हिला विलायतेला देऊन टाका कोनीतरी!" पुढे मी बँकेत लागले, लग्न करून पूर्वेला फ्लॅटमध्ये गेले, बाथरूममध्ये दोन प्रकारचे साबण ठेवू लागले. आळीला वाटलं, सुटली एकदाची. मलाही तसंच वाटलं होतं. पण माझ्या धाकट्या बहिणीने, नयनाने, मला पुन्हा त्याच वासात आणून उभं केलं.

नयना मारामारी करते. हे मी असंच सांगते आणि तिला ते आवडत नाही. "ताई, मारामारी नाही, फाईट. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. आणि मी प्रोफेशनल आहे." बरं बाई, प्रोफेशनल. जाळीच्या पिंजऱ्यात दोन मुलींना सोडायचं, दाराला कडी घालायची. मग त्यांनी एकमेकींना ठोसे मारायचे, लाथा मारायच्या, कोपराने भुवई फोडायची, खाली पाडून छातीवर बसायचं, हात उलटा पिळायचा नाहीतर गळा आवळायचा. जिचा श्वास आधी कोंडेल तिने समोरचीच्या अंगावर थापट्या मारून हार सांगायची. बाहेर लोक तिकीट काढून बसलेले असतात. याला खेळ म्हणतात. कबड्डीत गुडघा फुटला तर मी हळहळले असते, पण इथे गुडघा दुसऱ्याला फोडण्यासाठीच वापरतात.

तिचं शिकणं माझ्याच घराजवळ सुरू झालं, फर्निचरच्या दुकानावरच्या एका गाळ्यात. कॉलेज सुटलं की ती तिकडे जायची आणि तिथून आंघोळीला माझ्याकडे यायची. मी एकदाच त्या गाळ्यात गेले. खिडक्या बंद, पंखा नावाला, जमिनीवर निळ्या गाद्या आणि त्या गाद्यांवर वर्षानुवर्षं मुरलेला घाम. एक मुलगा दुसऱ्याची मान काखेत दाबून बसला होता आणि दोघांच्या अंगांना एकच ओल सुटली होती. कोपऱ्यात तिचे सर एका पोराच्या कानात सुई खुपसून त्यातलं पाणी ओढत होते. घासून घासून यांचे कान सुजतात, आत रक्तपाणी साचतं आणि वेळेवर काढलं नाही तर कानाचं कायमचं भजं होतं. सरांनी सिरिंज माझ्यासमोर धरली. "बघा ताई, क्लीन निघालं." मी जिन्यातच ओकले. नयनाचा डावा कान आता तसाच झालाय. आई त्याला करंजी म्हणते.

हातांना गुंडाळायच्या तिच्या पट्ट्या माझ्या बाल्कनीत वाळत. कितीही धुतल्या तरी त्यांना तो वास यायचाच, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई विचारत, "तुमच्याकडे सुकं केलंय का आज?" एक दिवस मी चिडून त्या पट्ट्या काठीने उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. नयनाने त्या हाताने काढल्या, झटकल्या आणि शांतपणे म्हणाली, "ताई, कॉलेजात माझ्या शेजारी कोण बसायचं नाही, माहितीये तुला? आई बाजारात जाते म्हणून. माझ्या ओढणीला वास येतो म्हणून. त्या गाळ्यात सगळेच घाण असतात. कोण कोणाला नाक मुरडत नाही. माझी मान सरांच्या काखेत असते तेव्हा सर विचारत नाहीत, तू कुठल्या आळीची."

मी तिला नवा टॉवेल दिला.

तिच्या पहिल्या व्यावसायिक सामन्याचं बोलावणं आलं ते याच दिवसांत, मांडव उभे राहिल्यावर. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या धंद्यात ठोसे ही नंतरची गोष्ट आहे. आधी वजन. सामन्याच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहायचं आणि ठरलेल्या आकड्याच्या आत बसायचं. नाही बसलीस तर सामना गेला, नाव खराब, पुन्हा कोणी बोलवत नाही. मग सगळेच काय करतात, तर आपल्याहून खालच्या वजनाच्या गटात नाव घालतात आणि शेवटच्या काही दिवसांत अंगातलं पाणी काढून टाकतात. आधी मीठ बंद, मग भात बंद, मग पाणी बंद. मग गरम पाण्यात बसून घाम काढायचा. वजन झालं की रात्रभर पाणी पिऊन पुन्हा फुगायचं आणि दुसऱ्या दिवशी मार खायला उभं राहायचं. समोरचीही तेच करून आलेली असते. म्हणजे दोघींनीही अंग पिळून काढायचं आणि दोघींनाही त्याचा काडीचा फायदा नाही. हे मला सरांनी हसत हसत समजावलं होतं. तेव्हापासून मला त्यांचं हसणं बघवत नाही.

त्या हंगामात नयना आईकडेच राहायला गेली, कारण माझ्या फ्लॅटमध्ये तिला फ्रीज दिसायचा. घरात माणसाचा वजनकाटा नव्हता. बंदरावर मासळीच्या टोपल्या मोजायचा मोठा काटा होता, तोच ती रोज वापरायची. सकाळी होड्या लागलेल्या, लिलावाचा आरडाओरडा चाललेला, काट्यावरची टोपली उतरली की ही अनवाणी वर चढायची. लोखंडावर पाणी, खवले, रक्ताचे ओघळ. एक दिवस मी तिच्याबरोबर होते. बाहेरून आलेला एक व्यापारी दात कोरत म्हणाला, "काय भाव लावलाय?" चार माणसं हसली. मी त्याच्या अंगावर धावून जाणार तेवढ्यात नयनाने माझं मनगट धरलं. तिची पकड पाहून मीच दचकले. "ताई, सोड. आकडा बघ तू." मी आकडा बघितला. माझ्या बहिणीचं वजन मी मासळीच्या काट्यावर वाचलं, आणि ते कमी भरलं म्हणून मला आनंद झाला, याची मला अजून शिसारी येते.

ती च्युइंगम चघळायची आणि लाळ बाटलीत थुंकायची. हेही वजन काढणंच. अर्धी भरलेली बाटली उंबऱ्याशी, उन्हात. बोलता बोलता ती थांबायची, बाटली तोंडाला लावायची आणि पुन्हा बोलायला लागायची. तिचे ओठ फुटले होते, तोंडाला एक आंबूस वास येत होता, डोळे आत गेले होते. तिची चिडचिड वाढली होती. घरात कोणी पेला भरला तरी ती त्या आवाजाकडे वळून बघायची. मार्थामावशी येऊन दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "पोरीला कोनाची नजर लागली काय? मी चर्चात जेजूला मेनबत्ती लावते." आई म्हणाली, "लाव. एक माझ्या नावाची पन लाव."

त्या सगळ्या दिवसांत आई मांडवावर जायची, बोंबील परतायची, यायची आणि लेकीकडे बघायची. बोंबील सुकला की नाही हे आई दोन बोटांत वाकवून बघते. वाकला तर अजून पाणी आहे. खारवायच्या माशाला मीठ लागतं, बोंबलाला काही लागत नाही, नुसतं ऊन आणि वारा. वजनाच्या आदल्या दिवशी सर फोनवर म्हणाले, गरम पाण्यात मीठ टाकून टबात बसवा. टब म्हणजे कोणता? आमच्या आळीत आंघोळीचा टब कोणाकडे असणार? बर्फ घालून मासळी ठेवायचा मोठा निळा टब होता. आईने तो राखेने घासला, उन्हात पालथा घातला, घरात आणून त्यात कढत पाणी ओतलं. सरांनी सांगितलेलं मीठ औषधाच्या दुकानातलं होतं. आईने मिठागरातल्या खड्यांची अर्धी गोणी रिकामी केली. नयना त्यात बसली मात्र, आणि किंचाळली. गाद्यांवर घासून तिचे गुडघे नि कोपरं सोलवटलेली होती.

"मीठच सांगितला ना तुझ्या सरान?" आई गांगरून म्हणाली.

"आई, हे मीठ नाही! हे खारवायचं मीठ आहे!"

त्यावर आम्ही तिघीही हसलो. नयना रडत होती आणि हसत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. ते हसू माझ्या तोंडातच कडू झालं. टबाच्या कडेला राहिलेला एक खवला तिच्या खांद्याला चिकटला होता. वाफेबरोबर त्या टबातून जुन्या मासळीचा वास वर येत होता आणि त्यात माझी बहीण गळ्यापर्यंत बुडून बसली होती. मी दाराची कडी धरून उभी राहिले, ओकायचं नाही असं स्वतःला बजावत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काटा. थोडंसं जास्त. अगदी थोडंसं, पण जास्तच. नयना पुन्हा टबात बसली, पण आता घाम येईना. कातडी कोरडी आणि तापलेली. आई बाहेरून आली, हातात मासळीचे पर कापायची कात्री होती. तिने लेकीचा हात घेतला, तिच्या पालथ्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसेना.

"पुरे," आई म्हणाली. "पानी संपला तुझ्यातला."

"आई, आज थांबले ना, तर परत कोणी बोलवणार नाही. एवढंसंच राहिलंय."

आई तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही टब उपडा करेल, दोन मुस्कटात देईल, सरांना शिव्या घालेल. आमची आई बाजारात पुरुषांना मागे सारून पाटी लावते, तिला हे जड नव्हतं. मी मनातून त्याचीच वाट बघत होते. आईने नयनाची वेणी हातात घेतली. नयनाचे केस कमरेच्या खाली यायचे. आळीत तेवढे केस कोणाचे नव्हते. दर रविवारी आई तिला दोन पायांच्या मध्ये बसवून तेल लावायची, आणि लग्नात त्यावर कोणती वेणी माळायची हे आईचं कधीचं ठरलेलं होतं. आईने वेणी मानेपाशी धरली आणि कात्री लावली. मासळीची कात्री केसांना चालत नाही. ती कुरतडत कुरतडत गेली, कराकरा आवाज करत. मग आई म्हणाली, "जा. चढ काट्यावर."

वजन बसलं. ती वेणी आईने कागदात गुंडाळली आणि कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारी मुंबईच्या एका हॉलच्या मागच्या बोळात मी नयनाच्या शेजारी बसले होते. समोरच्या खुर्चीत दुसरी मुलगी, जिच्याशी तिचा सामना होता. डोळे खोल, ओठ भेगाळलेले, गालाची हाडं वर आलेली. तिच्या शेजारी तिचा भाऊ असावा, मांडीवर पाण्याची बाटली घट्ट धरून. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, दोघींचं लक्ष त्या बाटलीवर होतं. मग एकेकीला आत बोलावलं, टॉवेलाआड उभं केलं, काट्यावर चढवलं, कोणीतरी आकडा पुकारला आणि टाळ्या झाल्या. फोटोसाठी त्यांना समोरासमोर उभं करून मुठी वळायला लावल्या. उभंही राहता येत नव्हतं त्यांना. फोटोवाला म्हणत होता, "थोडा गुस्सा दिखाओ."

सामन्याबद्दल काय सांगू? ती जिंकली. दुसऱ्या फेरीत मागून गळ्याला हात घातला आणि त्या मुलीने थापट्या मारल्या. त्याआधी नयनाचं नाक फुटलं होतं, आणि रक्त आणि घाम आणि शेंबूड असं एकत्र तिच्या ओठावरून त्या मुलीच्या केसांत गळत होतं. माझ्या मागच्या रांगेत एक माणूस बायकोमुलांना घेऊन आला होता. तो वडापाव खात ओरडत होता, "तोड, हात तोड तिचा!" त्याची मुलगी लहान होती, ती बापाचं तोंड बघून टाळ्या वाजवत होती. आईने पदर तोंडावर घेतला होता आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत माझा घसा बसलेला होता, बोलता येईना. म्हणजे मीही ओरडलेच असणार.

पंचाने नयनाचा हात वर केला तेव्हाचा तिचा चेहरा मात्र मी विसरू शकत नाही, आणि विसरता आला असता तर बरं झालं असतं. सुजलेला, रक्ताने माखलेला, केस कुरतडलेले. आणि इतका निवांत! आमच्या घरात इतका निवांत चेहरा मी कोणाचा पाहिलेला नाही, झोपेतसुद्धा नाही. एवढ्या घाणीच्या तळाशी तिला काहीतरी मिळालं होतं, खरं होतं ते, आणि ते मला कधीच मिळणार नव्हतं. मला तिचा राग आला.

घरी आल्यावर आईने भात आणि बोंबलाचं कालवण केलं. नयनाला चावता येईना. तिने कालवणाचं नुसतं पाणी भातावर घेऊन गिळलं.

मग नाक्यावर तिचा फ्लेक्स लागला. वसईची वाघीण! डावीकडे कोपऱ्यात नयना, मूठ उगारलेली, आणि उरलेल्या सगळ्या जागेत एक पुढारी, हात जोडलेले. त्याच्या खाली त्याच्या पोरांचे फोटो, ओळीने, काळे चष्मे लावून. या माणसाने तिला कधी पाहिलंही नव्हतं. नयनाने त्या फ्लेक्सपुढे उभं राहून फोटो काढला. महिनाभराने फ्लेक्स उतरला आणि आळीतल्या कोणीतरी तो घरी नेला, कारण असं जाड कापडासारखं प्लास्टिक कोण फुकट सोडतो? अजून तो आमच्या आळीत आहे. दव पडायला लागलं की सुकलेल्या बोंबलांच्या राशीवर तो घालतात. पुढाऱ्याचा चेहरा उन्हाने पार उडालाय. नयनाची मूठ तेवढी दिसते, वर माश्या बसलेल्या.

त्यानंतर किती सामने झाले, मी मोजत नाही. काही जिंकली, काही हरली. तिने जिंकून घरात पहिली वस्तू आणली ती वजनकाटा. काचेचा, आकडे चमकणारा. तो माझ्या बाथरूममध्ये आहे, कारण आता ती सामन्याआधी माझ्याकडे येते. मीच म्हणाले तसं. त्या टबाचा वास मला सहन होत नव्हता. पण माझ्याकडेही आंघोळीचा टब कुठे आहे? शेवटी तोच निळा टब टेम्पोत घालून वर आणला, चौथ्या मजल्यावर. लिफ्टमधल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. मी त्यांच्याकडे रोखून बघितलं, आणि मला माझाच फ्रॉक आठवला.

गेल्या वर्षी सामना झाल्यावर नयनाच्या लघवीतून रक्त गेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चष्मा काढला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, मूत्रपिंडांना मार बसलाय, आणि मी ठोशांबद्दल बोलत नाहीये. पुन्हा असं कोरडं पाडायचं नाही. लढायचंच असेल तर वरच्या वजनात लढा. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "ताई, वरच्या वजनातल्या मुली हिच्यापेक्षा वीतभर उंच. तिथे ही मार खाईल." नयनाला सांगितलं. ती म्हणाली, "एकच. ही एक फाईट होऊ दे. फाईट भरवणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं बघायला येणारेत. जिंकले तर वर्षाचा करार. मग वरच्या वजनात जाईन, तुझी शप्पथ." माझी शपथ ती लहानपणापासून घेते. माझ्या शपथेवर तिने पाटीतली चिंचही चोरलेली आहे.

तर यंदा मांडव उभे राहिले आणि ही एक आली.

आज वजन. सकाळपासून ती माझ्या बाथरूममध्ये त्या टबात बसलीये. काटा अजून थोडंसं जास्त दाखवतोय. अगदी थोडंसं. आता तिचं वजन पूर्वीसारखं उतरत नाही, वय वाढतं तसं शरीर पाणी धरून ठेवतं. शरीराला अक्कल असते एवढी. तिच्या अंगाला तोच वास येतोय, नखं पांढुरकी पडलीयेत, बाटली कडेला उभी आहे. मी दर थोड्या वेळाने गॅसवरचं आधण उतरवून टबात ओतते आहे, कारण पाणी निवलं की घाम थांबतो. मला किळस येते. तिच्या कानाची येते, बाटलीची येते, तिच्या सरांची, त्या फोटोवाल्याची, त्या बघायला येणाऱ्या माणसांची येते. हे सगळं मी तिला तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली, "पाणी ओत ना ताई."

आई मघाशी पाचूबंदरहून आली. चप्पल दारात काढली, पाटी बाल्कनीत ठेवली आणि सरळ बाथरूममध्ये आली. तिने पिशवीतून कात्री काढली. तीच मासळीची. कात्री हातात घेऊन ती टबाशी ओणवी झाली, दुसरा हात नयनाच्या मानेमागे नेला आणि तिथेच थांबली. नयनाचे केस आता मुलासारखे बारीक असतात. यंदा तर तिने मशीनच फिरवून घेतलीये. आईचा हात त्या खरखरीत डोक्यावरून एकदा फिरला, पुन्हा फिरला. धरायला तिथे काहीच नव्हतं. आईने कात्री बेसिनवर ठेवली. मग नयनाचा हात घेतला, पालथ्या हातावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली.

कातडी उभीच राहिली.

"पानी दे तिला," आई मला म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले, पेला भरला, आणला. आईने तो माझ्याकडून घेतला आणि स्वतः तिच्या ओठाला लावला. "घे बाय. माझ्यासाठी घे. एक घोट." नयनाने आईकडे बघितलं. तोंड उघडलं, घोट घेतला. गाल फुगले. आईची नजर तिच्या गळ्यावर होती, माझीही. गळा हलला नाही. नयनाने ते पाणी तोंडात घोळवलं, या गालातून त्या गालात, डोळे मिटून, खूप वेळ, आणि मग बाटली उचलून सगळंच्या सगळं तिच्यात थुंकलं. ओठ पुसले. "सॉरी, आई."

आई उठली. तिचे गुडघे वाजले. पेल्यात उरलेलं पाणी तिने बेसिनमध्ये ओतलं, कात्री धुतली, पिशवीत ठेवली.

"बोंबील तरी मेल्यावर सुकतात," ती म्हणाली आणि बाल्कनीत जाऊन पाटीशी पाठमोरी बसली.

नयना डोळे मिटून पडली होती. मी टबात हात घालून बघितला. पाणी कोमट झालं होतं. गॅसवर दुसरं आधण उकळत होतं. मी जाऊन ते उतरवून आणलं.